गोदाक्काची खानावळ

"आणखी किती राहिलं रे, श्रीनिवास?" शरयूवहिनींनी मागच्या सीटवरून विचारलं.

"आलंच वहिनी. फार तर दहा मिनिटं," मी म्हणालो आणि खिडकीबाहेर बघत बसलो.

आजरा मागे पडून बराच वेळ झाला होता. वहिनींचे यजमान नाडकर्णीसाहेब आपली फियाट स्वतः चालवत होते. समोर खड्डा दिसला की आधी हॉर्न वाजवायची त्यांची सवय होती, खड्डा बाजूला होईल अशी आशा असावी. मी शेजारी बसून देवाचा धावा करत होतो. गाडी पंक्चर होऊ दे, पुढे झाड पडलेलं असू दे, साहेबांचं पोट बिघडू दे, मला काहीही चाललं असतं. कारण साळिंदे तिठ्यावरच्या ज्या गोदाक्काच्या खानावळीत आम्ही जेवायला निघालो होतो, ती खानावळ तिथं नव्हती. ती कुठंच नव्हती. गोदाक्काही नव्हती. दोघींनाही मीच जन्माला घातलं होतं, बेळगावच्या एका लॉजवर, बनियनवर बसून, पाऊण तासात.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो. पुण्याच्या एका साप्ताहिकात दोन वर्षं हंगामी उपसंपादक होतो आणि 'वाटेवरचं पान' नावाचं सदर लिहायचो. प्रवासात कुठं उतरावं आणि काय खावं, एवढाच विषय. मिरज, निपाणी, गडहिंग्लज, खाली सावंतवाडीपर्यंत एसटीनं फिरायचं, खानावळी धुंडाळायच्या, हात धुवायचे आणि लिहायचं. नाडकर्णीसाहेब आमचे संपादक. त्यांनी पहिल्या दिवशी मला एकच नियम सांगितला होता. "जिथं जेवलास त्याच्याबद्दलच लिहायचं. वाचक तुझं वाक्य वाचून बायकोपोरांना घेऊन घराबाहेर पडतो, खासनीस. त्याला उपाशी ठेवू नकोस."

आदल्या वर्षीच्या दसऱ्यानंतर त्यांनी मला आजऱ्याच्या बाजूला पाठवलं आणि मी गेलो बेळगावला, मुलगी बघायला. आईनं सगळं ठरवून टाकलेलं. मुलीचं नाव आता आठवत नाही, पोहे आठवतात. कच्चे होते. तिकडून नकार आला तो दिवस मजकूर द्यायचा शेवटचा दिवस निघाला. मग लॉजवर परत आलो, बनियनवर बसलो आणि उन्हाळ्यातल्या एका प्रवासात एसटीच्या खिडकीतून पाहिलेलं एक घर डोळ्यांसमोर आणलं. साळिंदे तिठ्यावर गाडी पाच मिनिटं थांबली होती. कौलारू घर, दारात फणस, शेणानं सारवलेला ओटा आणि अंगण झाडणारी एक बाई. बाई पाठमोरी होती. तिला मी गोदाक्का केलं. तिच्या हातची ओल्या काजूची उसळ गेल्याच आठवड्यात आपण कशी बोटं चाटून खाल्ली, ते लिहिलं. नुकत्या फोडलेल्या बियांच्या चिकानं तिची बोटं कशी काळी पडली होती, तेही लिहिलं.

लेख फार आवडला लोकांना. खरं जेवून लिहिलेले माझे पन्नास लेख एकीकडे आणि हा एकीकडे. इचलकरंजीहून एका गृहस्थांचं पोस्टकार्डसुद्धा आलं, 'उसळ आपण लिहिली तशीच आहे.' ते वाचून मी पोट धरून हसलो होतो. म्हटलं, न जाता लिहिणारा मी एकटाच नाही.

आणि आता चौदा महिन्यांनी वहिनींच्या भाचीचं लग्न सावंतवाडीला निघालं. साहेब म्हणाले, "तूही चल. लग्नाच्या पंगतीवर एक लेख होईल. आणि वाटेत तुझ्या गोदाक्काकडे जेवू. तुझी ओळख आहे, नीट वाढेल." मग दाराशी जाऊन परत वळले आणि म्हणाले, "जानेवारीपासून तुला कायम करायचं म्हणतोय." आता अशा माणसाला काय सांगणार?

माझ्यापुढे एकच मार्ग होता, तो म्हणजे गोदाक्काला मारणं. तिठ्यावर गाडी थांबली की मी आधी उतरणार, कुणालातरी काहीतरी विचारल्यासारखं करणार आणि चेहरा पाडून परत येणार. 'साहेब, गोदाक्का गेली हो. श्रावणात.' वहिनी हळहळतील. पुढे आंबोलीत काहीतरी खाऊ. रात्रभर मी तो पडका चेहरा कोल्हापूरच्या लॉजवरच्या आरशात करून पाहिला होता. चांगला जमत होता.

"काय रे," वहिनी मागून म्हणाल्या, "काजू अगदी ओले होते ना? ताजे?"

"एकदम ताजे, वहिनी. समोर फोडत होती."

"दसऱ्याच्या सुमारास?"

"हो, म्हणजे काय! मी होतो ना तिथं."

वहिनी पदर सावरून मागे टेकल्या. त्यांचं माहेर सावंतवाडीचं, हे मला ठाऊक होतं. त्याचा अर्थ मात्र ठाऊक नव्हता.

शेवटचं वळण आलं. फणस दिसला, कौलं दिसली. मी दाराच्या कडीवर हात ठेवून उतरायच्या तयारीत बसलो आणि तेवढ्यात मला ओट्यावरची पाटी दिसली. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं. 'गोदाक्का खानावळ. घरगुती जेवण. काजूची उसळ मिळेल.' अंगणात एक जीप आणि दोन मोटरसायकली उभ्या होत्या.

"वा!" साहेब म्हणाले. "पाटीबिटी लावली की बाईनं. तू लिहिलं होतंस, पाटीसुद्धा नाही म्हणून."

 भूत बघावं तसा मी त्या पाटीकडे बघत होतो.

ओट्यावर दोन बाकडी होती आणि आत माजघरात पाट मांडलेले होते. जीपवाले जेवून विडी ओढत बसले होते. आतून एक बाई पदराला हात पुसत बाहेर आली. चाळिशीची असेल. उंच, काटक, कपाळावर आडवं गोंदण.

"या, बसा. तिघं जनं का? आंघुळीचं पानी न्हाई मिळायचं, हातपाय धुवाय मिळंल," ती म्हणाली. येणाऱ्याजाणाऱ्यांनी काय काय मागितलं असेल, ते त्यावरून कळत होतं.

साहेब खुशीत होते. "गोदाक्का, पाहुणा कोण आणलाय बघा. ओळखलंत का? हेच ते खासनीस. पुण्याच्या पेपरात तुमच्यावर लिहिणारे!"

 इतकी वर्षं झाली, पण ते दोन-तीन क्षण मी विसरलेलो नाही. बाईनं माझ्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. तिनं मला जन्मात पाहिलेलं नव्हतं आणि 'न्हाई बा, कोन हे?' एवढे चार शब्द माझी नोकरी आणि इभ्रत घालवायला पुरेसे होते.

"व्हय की," ती म्हणाली. "वळखलं तर. बसा, भाऊ. पाट घ्या."

मी पाटावर बसलो तो जवळजवळ पडलोच. साहेबांना वाटलं, गुडघा दुखतोय.

पानं वाढली गेली. नाचणीची भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा, घनसाळ तांदळाचा वास सुटलेला भात आणि वाटीत उसळ. वाटण खरपूस भाजलेलं, वर तेलाचा तवंग. साहेबांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. लग्नाला जाणारा माणूस इतका जेवतो हे मी पहिल्यांदा पाहत होतो. मी मात्र नुसती भाकरी चिवडत होतो. ही बाई कोण? माझं खोटं हिनं सावरलं का? आणि सावरलंय ते किती वेळ?

वहिनींनी एक काजू बोटात धरून दाबून पाहिला.

"सुके काजूगर भिजवलेत ना, बाई?"

"तर वो. रातीच कोमट पान्यात टाकायचं आन सकाळी साल काढायचं. वलं काजू आत्ता कुठलं मिळायला? त्याला शिमग्याला याय लागतंय."

 काजू फाल्गुनात लागतो, दसऱ्याला नाही, हे मला त्या क्षणी कळलं. पुण्यात काजू वर्षभर वाण्याकडे मिळतो. वहिनी सावकाश माझ्याकडे वळल्या.

"पण लेखात तर दसऱ्याला ओले काजू होते."

 बाई भाकरीची टोपली घेऊन मध्येच वाकली. "ते छापनाऱ्यानं चुकून घातलं आसंल, ताई. पेपरात काय, कायबी छापतात."

साहेबांचा हात तोंडाशी थबकला. आमच्या साप्ताहिकाची मुद्रितं ते स्वतः तपासायचे आणि एक चूक सापडली तर आठवडाभर जेवण गोड लागायचं नाही त्यांना. पण उसळ इतकी चांगली होती की ते नुसतं 'हं' म्हणाले आणि आणखी भात मागितला.

मी ताटावरून उठलो. हात धुवायला मागच्या दाराशी गेलो. तिथं दगडी डोणीत पाणी होतं. मागोमाग बाई तांब्या घेऊन आली आणि माझ्या हातांवर पाणी घालत हळूच म्हणाली, "भाऊ, तुमी कवा आलतासा वो?"

"मी..."

"न्हाई, माझंच कायतरी चुकतंय का बघा. पयल्यांदा कुनीतरी पेपर वाचून दावला तवा म्या पंधरा दिस इचार केला, ह्या मानसाला आपन कवा जेवाय घातलं? आमच्या दारात एसटी थांबती, पर आत कोन येत न्हाई. आन आमच्या घरात गोदाक्का म्हनून कोन न्हाई."

मी मान खाली घातली. "नव्हतो आलो," मी म्हणालो. "गाडीतून घर पाहिलं होतं. बाकी सगळं मनचं लिहिलं. चुकलं माझं."

ती रागावेल असं मला वाटलं होतं. ती हसली. हसली म्हणजे अगदी तोंडाला पदर लावून.

"आवो, काय सांगू तुमाला! दिवाळीच्या आदल्या आयतवारी मोटार आली. नवरा-बायको, दोन पोरं. उतरली ती थेट वट्यावर येऊन बसली. म्हनाली, गोदाक्का, चार पानं वाढा. म्या म्हनलं, ही खानावळ न्हवं वो. तर त्यांनी पेपर काढला. फनस हाय, वटा हाय, तिठा हाय. पोरं भुकेनं रडालती. मग काय करनार? घरात व्हतं ते घातलं, भाकरी आन वरन. तर बाई म्हनाली, काजूची उसळ पायजे. म्हनलं, तास-दोन तास थांबत आसशीला तर भिजवते. थांबली की! दुसऱ्या आयतवारी दोन मोटारी आल्या."

"आणि पाटी?"

"दिरानं लावली. म्हनला, लोक गोदाक्का म्हनून इचारत येतात, तर तेच नाव घालू." तिनं तांब्या दुसऱ्या हातात घेतला. "मालक जाऊन पाच वरीस झाली. दुसऱ्याच्या बांधावर खुरपाय जात व्हते, भाऊ. आता जात न्हाई. खोटं कशाला बोलू? तुमच्या खोट्यानं माझं बरंच झालंय."

मला इतकं हलकं वाटलं की सांगता येत नाही. म्हणजे पापाचं पुण्य झालं होतं, साक्षीदार माझ्या बाजूचा होता आणि जानेवारीत मी कायम होणार होतो. मी हात झटकले आणि तिचे आभार मानायला लागलो.

"आभार नगं," ती म्हणाली. "एक काम करा. माझं नाव शेवंता हाय. लोक जेवून उठतात, हात धुताना म्हनतात, गोदाक्का, तुमच्या हाताला काय चव हाय वो. म्या व्हय म्हनते. आता माझा पोरगाबी चेष्टेनं गोदाक्का म्हनून हाक मारतोय. रांधते म्या आन वाहवा तिची. आन ती तर न्हाईच कुटं." तिनं तांब्या डोणीवर ठेवला. "जमलं तर एकदा पेपरात माझं नाव घाला."

"घालतो," मी म्हणालो. "नक्की घालतो." त्या वेळी तिनं माझ्याकडे पेपराची मालकी मागितली असती तरी मी हो म्हणालो असतो.

निघालो. साहेब तृप्त होऊन गाणं गुणगुणत गाडी चालवत होते.  आणि मी गाडीत बसल्यावर पहिल्यांदा विचार केला, की हे नाव घालायचं कसं? 'गोदाक्का ऊर्फ शेवंता' असं लिहावं? पण ती ऊर्फ नव्हती. 'गोदाक्काची जाऊ शेवंता'? म्हणजे आणखी एक खोटं, आणि पुन्हा पहिला मान गोदाक्कालाच. नवा लेख लिहून 'गोदाक्का आता थकली, खानावळ शेवंताबाई बघतात' असं म्हणावं? हे बरं होतं. हे मी जवळजवळ ठरवलंच. मग डोळ्यांसमोर आलं, की ही ओळ तिला कुणीतरी वाचून दाखवणार. ती ऐकणार, की आपण गोदाक्काच्या हाताखालची बाई आहोत. जिनं मला आत्ता भर माजघरात वाचवलं होतं, तिला मी तिच्याच घरात दुय्यम करणार होतो.

बाहेर जंगल दाट व्हायला लागलं. आंबोली सात किलोमीटर असा दगड गेला.  मनाशी म्हटलं, खासनीस, आता नाही बोललास तर मग कधीच बोलणार नाहीस. आणि दुसरं मन म्हणत होतं, अरे, सुटलास ना? मग गप बस की गाढवा.

"साहेब," मी म्हणालो, "गाडी जरा बाजूला घेता?"

"उलटी होतेय का?"

"नाही. मी त्या खानावळीत आजच पहिल्यांदा गेलो."

गाडी बाजूला थांबली. मी सगळं सांगितलं. बेळगाव, मुलगी, पोहे, बनियन, सगळं. पोह्यांची काही गरज नव्हती, पण एकदा तोंड उघडल्यावर थांबता येईना. साहेब स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत राहिले. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

बोलल्या त्या वहिनी. "मी यांना लेख आला त्याच दिवशी म्हटलं होतं. ओले काजू दसऱ्याला मिळत नाहीत, हा पोरगा तिथं गेलेला नाही. तर माझ्याशी भांडले. म्हणाले, इतर कुणी असतं तर मानलं असतं, खासनीस असं करणार नाही. चार दिवस अबोला होता आमच्यात."

हे मात्र मला लागलं. साहेबांनी शिव्या दिल्या असत्या, गाडीतून उतरवलं असतं तरी इतकं लागलं नसतं. या माणसानं माझ्यासाठी घरात भांडण केलं होतं आणि चौदा महिने मला त्यातलं एक अक्षर कळू दिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते लपवलंही नाही.

"ती पहिली मोटार," साहेब अखेर म्हणाले, "दोन पोरांची. त्या बाईनं दार लावून घेतलं असतं तर?"

"हो, साहेब."

"ती पोरं तुझ्या वाक्यावर विसंबून आली होती. माझ्याही. खाली नाव तुझं असलं तरी पेपर माझा आहे."

"हो, साहेब. राजीनामा देतो मी."

"राजीनाम्याचं पुण्यात गेल्यावर बघू. तू उठसूट काहीतरी लिहून द्यायची घाई करू नकोस." त्यांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. "त्या बाईचं नाव काय म्हणालास?"

"शेवंता."

"पूर्ण नाव?"

मी वहिनींकडे पाहिलं.

"आडनाव? नवऱ्याचं नाव? उसळ कुणाकडून शिकली?"

"विचारलं नाही, साहेब."

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे वळून पाहिलं. "म्हणजे या वेळीही न विचारताच लिहिणार होतास."

एवढं बोलून त्यांनी गाडी सुरू केली आणि अरुंद रस्त्यावर मागेपुढे करत तिचं तोंड साळिंद्याकडे फिरवलं. "अहो, संध्याकाळची हळद आहे, उशीर होईल," असं वहिनी म्हणाल्या खऱ्या, पण त्यांच्या आवाजात काळजी नव्हती.

पुढचं आधीच सांगून टाकतो. खुलासा छापून आला, माझ्या नावानं, चौकटीत, पहिल्या पानावर. साहेबांनी त्यातला एकही शब्द सौम्य करू दिला नाही. जानेवारीत मी कायम झालो नाही. आणखी एक वर्ष हंगामी राहिलो आणि सदर सहा महिने बंद होतं. वाचकांनी शिव्यांची पत्रं लिहिली, ती साहेबांनी सगळी छापली. पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी आंबोलीच्या अलीकडून उलटं साळिंद्याकडे जाताना मला जे वाटत होतं, त्याला एकच शब्द आहे, हायसं. चौदा महिन्यांत पहिल्यांदा मी गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत होतो आणि मला बाहेरचं दिसत होतं.

आम्ही पोचलो तेव्हा अंगण रिकामं होतं. गिऱ्हाईकं गेली होती आणि ती आत चुलीपुढे एकटीच जेवायला बसली होती. आम्हाला बघून घास टाकून उठायला लागली.

"बसा, बसा, जेवा," मी म्हणालो. "काही विसरलं नाही. मी यांना सगळं सांगितलंय."

तिनं दचकून साहेबांकडे पाहिलं. "सांगितलं? मग नोकरी?"

"ती आमची आम्ही बघू," साहेब म्हणाले आणि दारातल्या पाटावर मांडी घालून बसले. "तुमचं पूर्ण नाव सांगा, बाई."

मी वही काढली. पेन चालेना, तळव्यावर घासून चालवलं. तिनं डावा हात पदराला पुसला, जेवता हात उजवा होता तरी. नाव सांगायला हात कशाला पुसावा लागतो कोण जाणे, पण तिनं पुसला.

"शेवंता गनू रेडेकर," ती म्हणाली. मग म्हणाली, "बाचं नाव घालता येतंय का?"

"येतंय की."

"दौलू. दौलू तिबिले. पोळगावचा." ती आता सरळ बसली होती. "ही उसळ माझी न्हवं, तेचीच हाय. पंचक्रोशीत लगीन आसलं की चुलवान तेच्या ताब्यात. शंभर मानसाचं वाटन एकटा वाटायचा. मला भाऊ न्हवता, म्हनून मला संगं न्यायचा. आई म्हनायची, पोरीला कशाला पुरुषांच्या चुलीवर? तर म्हनायचा, हात बघ तिचा, चिमटीत मीठ मोजून येतंय. काजू भाजायचं न्हाईत, वाटन भाजायचं, हे तेचं. गुळाचा खडा शेवटी, चुलीतला जाळ वढल्यावर, हे बी तेचं."

मी लिहीत होतो. दोन वर्षांत इतक्या खानावळींवर लिहिलं, पण कुणाला बापाचं नाव विचारलं नव्हतं. वहिनी मध्येच वाटणातल्या धन्याचं प्रमाण विचारत होत्या आणि ती त्यांना मुठीनं दाखवत होती.  लिहून झाल्यावर साहेबांनी हात पुढे केला, मी वही दिली आणि त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. शेवंता गणू रेडेकर, दौलू तिबिले यांची मुलगी, राहणार साळिंदे. सावकाश, प्रत्येक नाव सुटं सुटं.

ती ऐकत होती. ऐकताना तिचा उजवा हात ताटात तसाच वाळून चालला होता.

"पुन्यांदा वाचा," ती म्हणाली.

साहेबांनी पुन्हा वाचलं.

"व्हय," ती म्हणाली. "ही म्या." आणि डोळे पुसत एकदम हसली, माझ्याकडे बघून. "भाऊ, मघाशी तुमी चार घास चिवडून उठलासा. म्या बघितलं. आता तरी जेवशीला का न्हाई?"

"वाढा," मी म्हणालो.

तिनं आपल्या शेजारीच पाट सरकवला. भाकरी गार झाली होती, उसळ तळाशी उरली होती तेवढीच निघाली. मी पहिला घास घेतला. खरपूस वाटण, मऊ काजू आणि अगदी शेवटी गुळाची चव. माझ्या लेखात यातलं एकही अक्षर नव्हतं. साहेब दारात बसून माझ्याकडे बघत होते आणि मी मान खाली घालून, बोटं चाटून, पोटभर जेवलो.